तीन नंबरच्या खोलीतली शाळा

माझ्या शेजारच्या बाईंइतकी कडक मुख्याध्यापिका उभ्या ठाणे जिल्ह्यात झाली नसेल, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. त्यांच्या शाळेचा पट तीन होता. तिन्ही विद्यार्थी त्यांनीच जन्माला घातलेले, वर्ग म्हणजे चाळीतली बाहेरची खोली, आणि शिपाई, कारकून, शिक्षिका, मुख्याध्यापिका ही सगळी पदे त्या एकट्याच सांभाळीत. वर स्वयंपाक, धुणी-भांडी आणि नळाची रांग होतीच. शाळा बरोबर आठाला भरे. आठाला म्हणजे आठाला. एकदा चाळीत साप निघाला, सगळी मंडळी काठ्या घेऊन अंगणात धावली, तेव्हाही तीन नंबरमधून प्रार्थनेचा आवाज वेळेवर सुरू झाला आणि सापसुद्धा ओशाळून निघून गेला, असे आमच्याकडे पुढे कितीतरी दिवस सांगत.

गोष्ट ऐंशीच्या आसपासची. बोईसरला तेव्हा कारखाने भराभर उभे राहत होते आणि त्यांच्या मागोमाग चाळी. आमची चाळ पाम गावाच्या रस्त्याला होती. मी एका कारखान्यात बॉयलरवर होतो, सडाफटिंग होतो, आणि बहुतेक वेळा तिसऱ्या पाळीला होतो. सकाळी साडेसातला घरी यायचे, चहा प्यायचा आणि अंथरुणावर अंग टाकायचे. डोळा लागतो न लागतो तोच पलीकडून घंटा होई. ती साधीसुधी घंटा नव्हती. बाईंचे वडील नगरकडे एका मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यांच्या हातातली पितळी घंटा होती. माझी खोली चार नंबर. मधल्या भिंतीला भिंत म्हणणे हा बांधणाऱ्यावर उपकार होता. घंटेनंतर प्रार्थना, प्रार्थनेनंतर हजेरी. "रूथ." "हजर, बाई." "शिमोन." "हजर, बाई." "सलोमी." मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग अगदी बारीक, "हजल, बाई."

हे 'बाई' प्रकरण समजावून सांगायला हवे. आठ ते साडेबारा या वेळात त्या घरात आई नसे. हा शाळेचा पहिला नियम होता. शिमोन आठ वर्षांचा, बापासारखा मऊ स्वभावाचा. एकदा भूगोलाच्या तासाला चुकून बोलून गेला, "आई, भूक लागली." मी इकडे उशीत तोंड खुपसून पडलो होतो, तरी मला पलीकडची शांतता ऐकू आली. मग बाई म्हणाल्या, "शाळेत आई नसते. शाळेत बाई असतात. आई साडेबाराला येईल." पोरगा दहा मिनिटे उभा राहिला. पाच वर्षांच्या सलोमीने मात्र हा नियम शब्दशः मनावर घेतला होता. अकरा-साडेअकराच्या सुमाराला ती कधीकधी फार आशेने विचारी, "बाई, आई कधी येणाल?" आणि साडेबाराची घंटा झाली की समोरच बसलेल्या त्याच बाईंच्या गळ्यात, त्या गावाहून आल्यासारखी जाऊन पडे. मी हसत असे. तेव्हा मला ते फार गमतीचे वाटे.

फळा म्हणजे पुढच्या दाराची आतली बाजू. तिला त्यांनी स्वतः काळा रंग दिला होता. त्यामुळे शाळा चालू असताना दार लावलेले असे, आणि दार उघडणाऱ्या माणसाबरोबर चालू धडा भिंतीकडे निघून जाई. मी एकदा त्यांची वाटी परत द्यायला गेलो आणि अख्खी गोदावरी उपनद्यांसकट हलवली. घड्याळ मुलांच्या पाठीमागे टांगलेले, कारण विद्यार्थ्यांनी घड्याळ बघायचे नाही. सगळ्यांत भारी प्रकार म्हणजे शाळा तपासणी. महिन्यातून एकदा बाई इस्त्रीची साडी नेसून स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडत, चाळीला वळसा घालून पुढच्या दाराने आत येत, आणि मुले उभी राहून "नमस्ते, साहेब" म्हणत. साहेब तिघांच्या वह्या बघत, प्रश्न विचारत, आणि शेवटी हजेरीच्या वहीच्या मागच्या बाजूला शेरा लिहीत. एका तपासणीचा शेरा त्यांनी मला नळावर सांगितला होता. "विद्यार्थ्यांची प्रगती ठीक. शिक्षिकेचा आवाज चढतो, सुधारणा हवी." मी म्हटले, "बाई, साहेब जरा जास्तच कडक आहेत." त्या म्हणाल्या, "कडकच पाहिजेत भाऊ. दुसरं कोण बघणार?"

या शाळेमागे मोठी गोष्ट होती आणि तीही त्यांनी नळावरच सांगितली, हंडा भरेपर्यंत. रूथ पहिलीत असताना आधीच्या गावी तिला एका शाळेत घातले होते. उत्तर आले नाही म्हणून तिला दिवसभर व्हरांड्यात उभे केले. पोरगी घरी आली ती आठ दिवस बोललीच नाही. बाई स्वतः डी.एड. झालेल्या, नोकरी सोडून बसलेल्या. "नवव्या दिवशी ती पाणी मागायला बोलली, भाऊ. त्याच दिवशी प्रभूपुढे शब्द दिला, माझी लेकरं मीच शिकवीन. त्याच्या भयात आणि माझ्या नजरेसमोर." हंडा भरून वाहत होता, तरी त्यांचा हात नळाकडे गेला नाही. शब्द मोडला तर काय, हे मी विचारले नाही. दिलेला शब्द मोडायचा असतो हे त्यांच्या गावीही नव्हते.

त्यांचे यजमान प्रचारक होते. वाणगावच्या पलीकडे, डोंगरातल्या पाड्यांवर सायकल हाणत जायचे आणि पंधरा-पंधरा दिवस तिकडेच. देवमाणूस. घरी आले की पेटी काढून भजने म्हणायचे, मुलांना खांद्यावर घेऊन नाचवायचे आणि दोन दिवसांत शाळेची शिस्त धुळीला मिळवून पुन्हा सायकलवर बसायचे. बाई त्यांना कशासाठी थांबा म्हणत नसत. देवाच्या कामाला निघालेल्या माणसाला घरच्या कामासाठी अडवायचे नाही, असा त्यांचा आणखी एक नियम होता. त्यांचे सगळे नियम असेच, स्वतःलाच जाचणारे.

माझे म्हणाल तर मी त्या भिंतीआडून फुकट शिकत होतो. मॅट्रिकला गणितात दोनदा आपटलेला माणूस मी, पण झोपेत एकोणतीसचा पाढा पाठ झाला. दहा आज्ञा पाठ झाल्या. आमच्या फोरमनने एकदा रागाच्या भरात माझा डबा खाल्ला, तेव्हा मी त्याला आठवी आज्ञा सुनावली, 'चोरी करू नको', आणि तो दिवसभर माझ्याकडे संशयाने बघत राहिला. कहर म्हणजे एका सकाळी पलीकडे "सलोमी" झाले, आणि तिचा आवाज निघायच्या आत मी इकडून गाढ झोपेत मोठ्याने म्हणालो, "हजर, बाई." मला जाग आली ती माझ्याच आवाजाने. पलीकडे मुले खिदळली, आणि त्यांच्यात एक मोठ्या माणसाचे हसू मिसळले. बाईंना हसताना मी ऐकले ते तेवढे एकदाच.

तरीही मी माणूस होतो आणि झोपेवाचून जळत होतो. एका दुपारी न राहवून मी दारात जाऊन म्हटले, "बाई, शाळा तुमची, मी कोण सांगणारा. पण ती घंटा जरा हळू वाजली तर फार बरं होईल." त्यांचा चेहरा इतका उतरला की त्यापेक्षा मला शिव्या परवडल्या असत्या. दुसऱ्या दिवसापासून घंटा थप थप अशी वाजू लागली. आतल्या लोलकाला त्यांनी जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. मुलांना पुरेल एवढी वाजे, मला उठवण्याइतकी नाही. मी खूश झालो.

पावसाळा सरला आणि शाळेचा आवाज आपोआपच उतरत गेला. आधी प्रार्थनेतले गाणे बंद झाले. मग सातचा पाढा आठ-नऊ दिवस चालला. तोच पाढा, तीच चाल, आणि शिमोनला तो केव्हाचा येत होता. तपासणी महिन्याऐवजी दर आठवड्याला होऊ लागली. इस्त्रीच्या साडीतल्या बाई चाळीला वळसा घालताना दिसत, पण मधेच उभ्या राहत, कुठे निघालो होतो ते विसरल्यासारख्या. पालघरहून त्यांच्या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, भेटायला आले होते, तेव्हा मी ओट्यावर दाढी करत होतो. बाई म्हणाल्या, "सकाळी उठवत नाही, पाळकसाहेब. शिकवताना शब्द सापडत नाहीत. मुलं बोलायला लागली की कुठेतरी निघून जावंसं वाटतं." पाळकसाहेब भले गृहस्थ. त्यांनी फार आपुलकीने सांगितले की प्रार्थना कमी पडते आहे, पहाटे आणखी एक तास आधी उठत जा. बाई पाचला उठत होत्या, त्या चारला उठू लागल्या.

खरे काय ते ओळखले एकीनेच. मुरबे गावच्या कोळीवाड्यातली एक मावशी सुके बोंबील घेऊन चाळीत यायची. तिने एकदा माझ्या उंबऱ्यावर टोपली टेकवली आणि तीन नंबरकडे मान उडवून म्हणाली, "ती बाय जेवते का नाय? आमी बोंबील उन्हात सुकवतो, ही घरात बसून सुकतेय. शेजारी रवतोस, दिसत नाय तुला?" मी म्हटले, "मावशी, मी दिवसा झोपलेला असतो." ती म्हणाली, "झोप मंग." आणि टोपली उचलून गेली. मला राग आला. बोंबील न देताच गेली म्हणून आला, असे मी स्वतःला सांगितले.

आता तो दिवस. मी पाळीवरून आलो, पडलो, आणि अशी झोप लागली की तशी बोईसरला आल्यापासून लागली नव्हती. घंटा नाही, पाढा नाही, रडारड नाही. स्वतःहून डोळे उघडले तेव्हा चार वाजायला आले होते. अंग हलके झाले होते. मी मनात देवाचे आभार मानले, त्यांच्या आणि आमच्या दोघांच्याही. मग तोंड धुवायला अंगणात आलो. तीन नंबरचे दार लावलेले. मागून स्वयंपाकघराकडून कसलाच आवाज नाही, चुलीचा नाही, भांड्यांचा नाही. मला काय वाटले कोण जाणे, मी मागच्या दाराने आत डोकावलो.

तिन्ही मुले चटईवर ओळीने बसली होती. हाताची घडी, पाठ ताठ. बाई फळ्याजवळ खुर्चीवर, हातात खडू, तोंड फळ्याकडे. फळ्यावर एक बेरीज अर्धी मांडलेली. सलोमीच्या खाली चटई ओली होती आणि तिचा फ्रॉक मागून भिजून वाळत आला होता. मी रूथला म्हटले, "अगं, हे काय? जेवलात का?" अकरा वर्षांची पोर, ओठ कोरडे पडलेले, हळूच म्हणाली, "शाळा सुटली नाही, काका. बाईंनी घंटा दिली नाही."

"अगं, साडेबारा केव्हाच होऊन गेले."

"आम्ही घड्याळ बघायचं नसतं."

"आणि हिचं हे?"

"तिने दोनदा विचारलं, बाई, एकीला जाऊ का. बाई काही बोलल्या नाहीत."

मी बाईंच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ओळखले, आणि अगदी नेहमीच्या, नळावरच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, हातचा एक कुठून आला, ते मला सांगता येत नाहीये. सकाळपासून आठवतेय."

बॉयलरचा वाल्व्ह अडकला तर काय करायचे हे मला ठाऊक होते. इथे मी फक्त एवढेच पाहिले की मुले उठत नाहीत आणि ती घंटेवाचून उठणारही नाहीत. मी कोनाड्यातली घंटा उचलून हलवली. थप, थप. माझ्याच झोपेसाठी बांधलेली ती चिंधी. तिची गाठ सुटेना, तेव्हा दातांनी ओढून काढली, आणि मग ती घंटा मी अशी बडवली की चाळीतली माणसे ओट्यावर आली. मुले उभी राहिली. कोणी न सांगता त्यांनी शाळा सुटतानाची प्रार्थना म्हटली, पूर्ण म्हटली. मग सलोमी खुर्चीजवळ गेली, पण गळ्यात पडली नाही. थोडी लांबच थांबून तिने विचारले, "आता आई म्हणू?"

बाईंच्या हातातला खडू खाली पडला. त्यांनी मान हलवली आणि मग त्या रडू लागल्या, आवाज न करता, शाळेत रडायचे नाही असाही काही नियम असल्यासारख्या.

पुढचे सगळे मुरब्याच्या मावशीने केले. ती त्याच वेळी रस्त्याने परतत होती, तिला मी हाक मारून आणले. ती मला एका शब्दाने टाकून बोलली नाही, त्याचा मला जास्त त्रास झाला. तिने पोरीला धुतले, भात टाकला, आणि बाईंना हाताला धरून आत निजवले. बाई म्हणत होत्या, "उद्याचा धडा काढायचाय." मावशी म्हणाली, "उद्या नाय हाय तुझी शाला. नीज, बाय. तुझ्या देवाला मी सांगते." त्या झोपल्या त्या दोन दिवस झोपल्या. मी तिसऱ्या पाळीला दांडी मारून वाणगावच्या पलीकडे गेलो आणि यजमानांना शोधून आणले. त्यांनी येताना सायकलवरून एकही भजन म्हटले नाही.

जूनमध्ये तिन्ही मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. काही वाईट झाले नाही. रूथला व्हरांड्यात कोणी उभे केले नाही, सलोमीला तर शाळा इतकी आवडली की ती रविवारीही दप्तर घेऊन निघायची. पण बाईंना कोणी हे पटवू शकले नाही. आठाच्या सुमाराला त्या दारात बसत, हात मांडीवर, आणि रस्त्याने जाणाऱ्या पोरांकडे बघत. मी एकदा म्हटले, "बाई, मुलं छान शिकतायत." त्या म्हणाल्या, "शिकतायत, भाऊ. शब्द मी दिला होता, मुलांनी नाही." त्यांच्या यजमानांनी पुष्कळ समजावले, पाळकसाहेबांनीही, आणि या वेळी त्यांनी पहाटे उठायला सांगितले नाही. त्यांच्या शास्त्रात एक दमलेला संदेष्टा आहे म्हणे. तो झुडपाखाली पडून मरण मागतो, आणि देवदूत त्याला उपदेश न करता आधी भाकर देतो आणि झोपू देतो. ही गोष्ट मी भिंतीआडून ऐकलेली होती. बाईंनीच शिकवली होती. त्यांना आठवण करून द्यावी असे फार वाटले, पण शिकवणाऱ्याला त्याचाच धडा परत सांगायचे धाडस मला झाले नाही.

वर्षभराने यजमानांचे काम दुसरीकडे निघाले आणि ते कुटुंब गेले. सामान टेम्पोत चढल्यावर बाई माझ्या दाराशी आल्या. पूर्वीपेक्षा बऱ्या होत्या, पण बऱ्या म्हणजे किती ते मी आजही सांगू शकत नाही. त्यांनी माझ्या हातात हजेरीची वही ठेवली. "घंटा रूथला हवीय. ही तुमच्याकडे असू द्या, यात तुमचंही नाव आहे." मला वाटले थट्टा करतायत, आणि त्या थट्टा करतायत याचाच मला आनंद झाला.

वही मी संध्याकाळी उघडली. आधी मागची बाजू उघडली गेली. साहेबांचे शेरे. "शिक्षिका चिडते." "शिक्षिका कामचुकार." "शिक्षिकेने मुलांवर हात उगारला, मारले नाही." शेवटचा शेरा एका ओळीचा होता, "शिक्षिका या कामास अपात्र", आणि खाली त्यांचीच नीटस सही. मग पुढची बाजू उघडली. रूथ, शिमोन, सलोमी, आणि झोपेत मी बोललो त्या सकाळपासून चौथे नाव, "शेजारचे भाऊ". दुसऱ्या पाळीच्या आठवड्यांतही सकाळी मी घरी असे, ते दिवस भरलेले. गावी गेलो ते दिवस कोरे. एकाही दिवसाची चूक नव्हती.

मी तो दिवस शोधून काढला. त्या दिवशीही आठाला हजेरी झालेली होती, अक्षर जरा हललेले. चारही नावांपुढे 'ह' होता. तिथून पुढे पाने कोरी.

आता मी निवृत्त होऊन गावी आलो आहे. घर मोठे आहे, भिंती जाड आहेत, दुपारी कोणी त्रास देत नाही. सगळी म्हणतात, आयुष्यभर पाळ्या केल्यात, आता झोपा निवांत. मी पडतो, डोळा लागतो, आणि सगळीकडे फार शांत झाले की मला जाग येते. मग मी उठून बसतो आणि जरा वेळ भिंतीकडे कान देतो.